कुत्र्याचे मागचे पाय गेले तर: कोणतं काम कशाच्या आधी

मागचे पाय ओढत कुत्रं दारात आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "आते काय करानं?" उत्तरं चारी बाजूंनी येतात. तेल चोळा, हाडवैद्याकडे न्या, ताकदीचं इंजेक्शन मारा, डाग द्या. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव भागात मी अशी काही कुत्री सांभाळली, एक घरचं आणि बाकी रस्त्यावरची. त्यांतली जी गेली त्यातली बहुतेक मणक्यानं गेली नाहीत. तुंबलेल्या लघवीनं गेली, कुजलेल्या जखमेनं गेली, अळ्यांनी आणि मे महिन्याच्या उन्हानं गेली. पैसा खर्च झाला होता, पण चुकीच्या क्रमानं. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

### टप्पा १: हात लावण्याआधी बघा

आधी दोन मिनिटं लांब उभं राहून नुसतं बघा. तोंड उघडं लोंबतंय का? लाळ गळतेय का? आवाज घोगरा झालाय का? पाणी गिळता येत नाहीये का? लस झाल्याची खात्री नसलेल्या कुत्र्यात पाय लुळे पडण्याबरोबर यातलं काहीही दिसलं तर रेबीज धरून चाला. रेबीज झालेलं कुत्रं पिसाळून धावतंच असं नाही. एका प्रकारात ते शांतपणे लुळं पडत जातं, आणि "घशात हाडूक अडकलं असेल" म्हणून लोक तोंडात हात घालतात.

सावधान: अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, पशुवैद्यकांना कळवा. लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली, किंवा चावा बसला, तर जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा (डोळा असेल तर नुसत्या पाण्यानं) आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी जा.

ही शंका नसेल तर तीन गोष्टी कागदावर लिहा: केव्हापासून, कसं सुरू झालं, आजपर्यंत कोणतं औषध दिलं. गाडीचा धक्का, पलंगावरून उडी मारताना एकदम, की महिनोन्महिने हळूहळू, यावरच पुढचं सगळं ठरतं. डॉक्टरांना हा कागद तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

### टप्पा २: उचलणं आणि नेणं

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अपघात झालेल्या कुत्र्याला काखेत धरून उचलतात, किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात. मणका मोडलेला असेल तर हाडाचं टोक मज्जारज्जूत आणखी घुसतं. पाय थोडे हलत असतील तर तेही जातात.

१. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं. ओढणीनं तोंड हलकं बांधा. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाकातोंडातून रक्त येत असेल तर बांधू नका.

२. कडक आणि सपाट काहीतरी शोधा. प्लायचा तुकडा, फळी, कपाटाचा कप्पा चालेल. फळी कुत्र्याच्या पाठीशी टेकवा, मानेची आणि कमरेची सैल कातडी धरून त्याला कुशीवरच फळीवर सरकवा. पाठ वळू द्यायची नाही, कमरेला पीळ पडू द्यायचा नाही.

३. खांद्यावरून आणि कमरेवरून रुंद कापडाचा पट्टा फळीसकट बांधा. छाती आवळू नका.

४. चारचाकी किंवा रिक्षा बघा. एप्रिल-मे असेल आणि लांब जायचं असेल तर रात्री निघा.

तपासा: हिरड्या पांढुरक्या आहेत का? असतील तर आत रक्तस्राव होत असू शकतो. मग मणका दुसऱ्या क्रमांकावर जातो. सगळ्यात जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, मोठ्या शहराचा विचार नंतर.

सावधान: घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा जठर खराब होतं. शिवाय पुढे डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं आणि तुमची गोळी आधीच पोटात असली, तर जठरात जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. चुकून दिली असेल तर लपवू नका, कागदावर लिहा. काळी, डांबरासारखी शी दिसली तर लगेच दवाखाना.

### टप्पा ३: दवाखान्यात चार प्रश्न

लोक विचारतात, "बरं होईल का?" याला डॉक्टर काय सांगणार? त्याऐवजी हे विचारा.

पहिला: खोल वेदना जाणवते का? डॉक्टर मागच्या पायाच्या बोटाचं हाड चिमट्यानं दाबतात. पाय मागे ओढला म्हणजे जाणवलं, असं समजू नका. तो पाय खालच्या मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेनं, मेंदूला पत्ता न लागता, ओढला जातो. कुत्र्यानं मान वळवली, कळवळलं, चावायला आलं, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. मणक्यांमधली चकती सरकून पाय गेलेत पण खोल वेदना शाबूत आहे, अशा कुत्र्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर दहात नऊच्या आसपास पुन्हा चालतात. वेदना गेली असेल तर हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो, तोही वेळेत शस्त्रक्रिया झाली तर. अपघातात मणका सरकून वेदना गेली असेल तर पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. ही तपासणी घरी पक्कड घेऊन करू नका.

दुसरा: कारण काय असावं? दचशुंड, पग, बीगल, ल्हासा अशा जातींत मणक्यांमधली चकती सरकणं नेहमीचं. दुखतं, कुत्रं कण्हतं, पाठ कमानीसारखी धरतं. जर्मन शेफर्ड वयात आला आणि न दुखता महिनोन्महिने मागून ढिला पडत गेला, तर तो मज्जारज्जूच्या झिजेचा आजार असू शकतो. त्यावर शस्त्रक्रिया नाही, व्यायाम आणि शुश्रूषाच. एकदम पाय गेले, दुखत मात्र नाही आणि एकच बाजू जास्त लुळी आहे, तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडकलेला असू शकतो. यात पुष्कळ कुत्री शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात. अंगाला झटके येत असतील तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराबद्दल विचारा.

तिसरा: एक्स-रेतून काय कळेल? मोडलेलं हाड दिसेल. चकतीचा दाब आणि मज्जारज्जू दिसणार नाही, त्याला एमआरआय किंवा सीटी लागतो. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणजे मणक्याला काही झालं नाही, असं नव्हे. आणि शस्त्रक्रिया करायचीच नसेल किंवा परवडणारच नसेल, तर महागडा स्कॅन करून उपचारात काय बदलेल, हेही विचारा. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

चौथा: लघवीची पिशवी दाबून रिकामी करायला मला आत्ता शिकवाल का? हा प्रश्न शंभरातले नव्वद जण विसरतात. दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांसमोर स्वतःच्या हातानं एकदा करून दाखवा.

मिथाइलकोबालामिनच्या (बी-१२ जीवनसत्त्वाच्या) लाल इंजेक्शनांबद्दल एक शब्द. डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण त्यानं सरकलेली चकती मागे जात नाही. महिनाभर नुसती तीच इंजेक्शनं चालू आणि पिंजऱ्यातली विश्रांती मात्र शून्य, हा प्रकार मी स्वतःच्या घरी केला आहे. त्या महिन्याची भरपाई पुढे झाली नाही.

सावधान: डाग देऊ नका. भाजलेल्या जागेची संवेदना गेलेली असते, त्यामुळे ती जखम कुत्र्याला कळत नाही, चिघळते मात्र पुरेपूर. मणका ओढून बसवू पाहणाऱ्याकडेही नेऊ नका.

### टप्पा ४: पैशाचा हिशेब, निर्णयाच्या आधी

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे एकदाचा खर्च: तपासणी, स्कॅन, शस्त्रक्रिया, दाखल ठेवणं, प्रवास. उजवीकडे दर महिन्याचा: औषधं, अंडरपॅड, लघवीची तपासणी, ड्रेसिंग, आणि घरातल्या कोणाचे किती तास. लोक डावीकडची रक्कम दागिने मोडून उभी करतात आणि उजवीकडे शून्य उरतं. माझं ठाम मत आहे की हातातल्या पैशातला निदान एक तृतीयांश शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेसाठी बाजूला निघत नसेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय पुन्हा तपासा. उत्तम शस्त्रक्रिया झालेलं कुत्रंही तिसऱ्या आठवड्यात पडून राहून होणाऱ्या फोडांनी जाऊ शकतं.

खर्च कमी करण्याचे खरे मार्ग थोडे आहेत.

जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पहिली तपासणी करून घ्या. १९६२ या क्रमांकाची फिरती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळ कोणता दवाखाना चालू आहे हे विचारायला फोन करायला हरकत नाही.

मोठ्या उपचारांसाठी पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं बघा. तिथले दर खासगीपेक्षा साधारणपणे कमी असतात. खान्देशातून दिशा तीन. जळगाव-भुसावळकडून अकोल्याची पशुवैद्यक संस्था. शिरपूर-धुळ्याकडून आग्रा रोडनं सेंधव्यावरून महू. नंदुरबार-नवापूरकडून सुरतमार्गे नवसारी. मुंबईला जाणं जमत असेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय एकाच आवारात आहेत, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: मणक्याची शस्त्रक्रिया होते का, स्कॅनची सोय आहे का, सर्जन कोणत्या दिवशी असतात. लुळं कुत्रं घेऊन दोनशे किलोमीटर जाऊन "सोमवारी या" ऐकण्यासारखं दुसरं दुःख नाही.

मिलाप किंवा केटो या इंटरनेटवरच्या वर्गणीच्या साइटवर पैसे मागणार असाल तर आधी रुग्णालयाचं लेखी अंदाजपत्रक घ्या आणि पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातील असं बघा. गावातही तसंच करा. बिलाचा फोटो दाखवला की माणसं देतात, नुसतं रडून मागितलं की एकदाच देतात. विमा आधीच काढलेला असेल तर कागद बघा. आजार सुरू झाल्यावर काढलेला विमा सहसा त्या आजारासाठी उपयोगी पडत नाही.

औषध जेनेरिक मिळेल का हे डॉक्टरांना विचारा. गॅबापेंटिनसारखी (नसांच्या दुखण्यावरची) काही औषधं माणसांच्या मेडिकलमधूनच आणावी लागतात. सावधान: पातळ, बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. कॅप्सूल किंवा गोळीच मागा.

### टप्पा ५: कुत्रं घरी येण्याआधी जागा

चकतीच्या कुत्र्याला शस्त्रक्रिया न करता बरं करायचं तर मुख्य औषध बंदिस्त विश्रांती: निदान चार, बहुतेकदा सहा आठवडे. वळता येईल एवढीच जागा. विकतचा पिंजरा नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात दोन खाटा आडव्या उभ्या करून बंदिस्त करा. दुसऱ्या आठवड्यात गोळ्यांनी दुखणं कमी होतं, कुत्रं उत्साहात येतं आणि घरचे "थोडं फिरू दे" म्हणून सोडतात. तिथेच चकती पुन्हा सरकते.

अंथरुणाचे थर खालून वर असे: जाड फोम, त्यावर ताडपत्री किंवा प्लास्टिक, त्यावर अंडरपॅड, सगळ्यात वर जुन्या सुती साडीची घडी. कापसाची गादी थेट घालू नका, ती लघवी पिते आणि आतून कुजते. बारदान नको, ते खरखरीत असतं आणि कातडी सोलतं.

जागा कुठे? पत्र्याच्या खोलीत तर नाहीच. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि या कुत्र्याला सरकून सावलीत जाता येत नाही. धाब्याचं घर असेल तर आतली खोली, नाहीतर तळमजल्यावरची उत्तरेकडची. कूलरचा झोत थेट अंगावर नको. वीज जाते, म्हणून ओल्या कापडाचा पडदा तयार ठेवा.

### टप्पा ६: लघवी

हा टप्पा सगळ्यात सावकाश वाचा.

लुळ्या कुत्र्याच्या खाली ओलं दिसलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात: "लघवी होतेय." बहुतेकदा ती होत नसते. पिशवी काठोकाठ भरली की वरचं चार थेंब सांडतं. आतलं तसंच राहतं, जंतू वाढतात, पिशवीचे स्नायू ताणून निकामी होतात, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो.

१. वेळ ठरवा. दिवसातून तीनदा, आठ तासांच्या अंतरानं: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. शेतात जाणारं घर असेल तर दुपारचा माणूस आधी ठरवा. डॉक्टरांनी चारदा सांगितलं असेल तर चारदा.

२. कुत्र्याला कुशीवर निजवा, किंवा कोणी कमरेला आधार देऊन उभं धरा. खाली परात ठेवा.

३. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या थोडं पुढे ठेवा. पोट सैल पडेपर्यंत थांबा. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काही लागेल, लहान कुत्र्यात लिंबाएवढं, मोठ्यात मोसंबीएवढं किंवा त्याहून मोठं.

४. तळवे एकमेकांकडे आणि किंचित शेपटीकडे, हळू आणि सलग दाबा. बोटं खुपसू नका. धार सुरू झाली की दाब तसाच ठेवा. धार थांबली की पंधरा सेकंद सोडा, पुन्हा दाबा. फुगा चिंधीसारखा सैल झाला की काम झालं.

५. परातीतली लघवी मोजा आणि लिहा. १० किलोच्या कुत्र्याची दिवसाची लघवी साधारण पाव ते अर्धा लिटर असते. तुमचा आकडा फारच कमी येत असेल तर पिशवी रिकामी होत नाहीये.

तपासा: वास उग्र झाला? गढूळ, तांबूस, दोरे असलेली? हा जंतुसंसर्ग. लघवी तपासायला द्या. उरलेली जुनी अँटिबायोटिक देऊ नका.

सावधान: चांगला दाब देऊनही धार आली नाही तर जोर वाढवू नका, पिशवी फाटू शकते. काहींचा खालचा झडपेसारखा स्नायू घट्ट आवळलेला असतो, त्याला औषध किंवा नळी लागते. एक वेळ पूर्ण चुकली तर दुसऱ्या वेळेची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि एक कळकळीची विनंती. अंथरूण ओलं होतं म्हणून पाणी तोडू नका. आमच्या उन्हात ते कुत्र्याला मारणंच आहे.

शी बहुतेक आपोआप होते. होत नसेल तर जेवणानंतर गुदद्वाराला ओलं कोमट फडकं लावा. खाणं पूर्वीपेक्षा थोडं कमी करा, वजन वाढलं की फोड आणि उचलणं दोन्ही अवघड. भाकरी, वरण, अंडं चालेल. कांदा-लसणाचा रस्सा लुळ्या काय, कोणत्याच कुत्र्याला नको.

### टप्पा ७: कातडी, माश्या, ऊन

दर चार तासांनी कूस बदला. रात्री एकदा उठावं लागेल. कमरेचं हाड, खांदा, कोपर आणि मागची टाच रोज बोटानं चाचपा. लाल, गरम किंवा केस गळालेली जागा म्हणजे फोडाची सुरुवात. आज लाल असलेली जागा दोन दिवसांत खड्डा होते.

लघवीचा ओलावा साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. झिंक ऑक्साइडचं मलम चाटलं तर विषारी. मांड्यांचे आणि शेपटीखालचे केस कातरून घ्या.

मग माश्या. पावसाळ्यात सकाळची जखम संध्याकाळी अळ्यांनी भरलेली मी पाहिली आहे. जाळी किंवा मच्छरदाणी लावाच, पहिल्या दिवसापासून. दिवसातून दोनदा शेपटी उचलून आणि जांघा उघडून बघा. तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके म्हणजे अंडी, तेव्हाच कंगव्यानं काढा. अळ्या दिसल्या तर दवाखाना. फिनाईल, रॉकेल ओतू नका. अळ्यांबरोबर मांसही जळतं, आणि चाटल्यावर पोटात जातं.

उन्हाळ्यात थर्मामीटर जवळ ठेवा. गुदद्वारात घेतलेलं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या पुढे गेलं तर नळाच्या साध्या पाण्यानं अंग भिजवा, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फ लावू नका.

### टप्पा ८: व्यायाम

मणका मोडलेला असेल तर डॉक्टर "हाड जुळलं" म्हणेपर्यंत काही नाही. चकतीच्या कुत्र्याचं कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा.

परवानगी मिळाली की कुत्र्याला कुशीवर ठेवून वरच्या पायाचा एकेक सांधा, आधी बोटं, मग टाच, गुडघा, खुबा, हळूहळू वाकवा आणि सरळ करा. प्रत्येकी १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग सायकल चालवल्यासारखा सगळा पाय फिरवा. दुखलं तर तिथेच थांबा. पुढच्या टप्प्यात पोटाखाली लोड (गोल उशी) ठेवून चारही पंजे जमिनीला सपाट टेकवून दोन मिनिटं उभं करा. टॉवेलची झोळी कमरेखाली घालून चालवायचं, पण वजन तोलण्यापुरतंच. लोंबकळत नेलं तर पाय काही शिकत नाहीत. विहिरीत किंवा नदीत पोहायला सोडू नका. मोठ्या टबात, कोमट पाण्यात, तुमचे हात पोटाखाली असताना ठीक.

सुधारणा साधारण या क्रमानं दिसते: आधी खोल वेदना, मग शेपटीची किंवा पायाची जाणूनबुजून हालचाल, मग उभं राहणं. दर रविवारी मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. खोल वेदना न परतलेली काही कुत्रीही कित्येक महिन्यांनी पायांच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर झोकांड्या खात चालायला शिकतात.

### टप्पा ९: चाकगाडी

विश्रांतीचे आठवडे संपायच्या आत गाडी नको. पीव्हीसी पाइप आणि लहान मुलांच्या सायकलची चाकं घेऊन गावातला कारागीर गाडी करू शकतो, मापं मात्र कुत्र्याला उभं धरून घ्या: जमिनीपासून जांघेपर्यंत, कमरेची रुंदी, खांद्यापासून शेपटीपर्यंत. गाडीत पाठ जमिनीला समांतर दिसली पाहिजे. मागून उंच झाली तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. गाडीत एकटं सोडू नका, झोपू देऊ नका. काढल्यावर पट्ट्यांखालची कातडी बघा. पंजे घासत असतील तर जुने मोजे घाला.

### थांबायचं केव्हा

पहिल्या दोन आठवड्यांत पुढचे पाय ढिले पडायला लागले, पोट सैल झालं, ताप चढला, श्वास उथळ झाला, तर मज्जारज्जू वरच्या बाजूला मरत चालला असण्याची शक्यता आहे. त्यावर उपचार नाही आणि शेवट गुदमरून होतो. त्याच दिवशी डॉक्टरांशी वेदनारहित मृत्यूबद्दल बोला, उद्यावर टाकू नका.

बाकीच्यांसाठी मी चार गोष्टी महिन्यातून एकदा लिहून बघते. आवडीनं खातंय का. माणूस आल्यावर मान उचलतंय का. दुखणं औषधानं आटोक्यात आहे का. आणि घरात लघवीच्या तिन्ही वेळा पाळणारं कोणी खरंच आहे का. चौथ्याचं उत्तर "नाही" असेल तर तेही प्रामाणिकपणे डॉक्टरांसमोर ठेवा. रस्त्यावर किंवा गोशाळेच्या दारात गुपचूप सोडून येऊ नका. ज्याला सरकता येत नाही त्याला तिथे पाण्यापर्यंतही पोचता येत नाही.